लाजरं, हट्टी, उशिरा बोलणारं की अजून काही? दोन शांत मुलांच्या निमित्ताने

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा. "पाणी", "बाबा", "नको" धरून सात-आठ शब्द, पण एबीसीडी अख्खी म्हणतो आणि पन्नासपर्यंत आकडे ओळखतो. सोसायटीच्या गार्डनमध्ये बाकीची पोरं धावत असतात तेव्हा हा गाडी उलटी करून चाकं फिरवत बसतो. हाक मारली तर क्वचित बघतो, पण टीव्हीवर ठराविक जाहिरात लागली की आतल्या खोलीतून पळत येतो. काही हवं असेल तर आईचा हात धरून ओढत नेतो. सासूबाई म्हणतात याचे बाबा पण तिसरं सरल्यावर बोलले, उगाच बाऊ करू नकोस, आणि नेहमीचे डॉक्टर म्हणाले सहा महिने वाट बघू. मोठी मुलगी साडेपाचची, घरी तोंडाला कुलूप म्हणून नाही, पण शाळेत सिनियर केजीचं वर्ष संपत आलं तरी एक शब्द बोललेली नाही. टीचर म्हणतात शाय आहे, येईल हळूहळू. तर यातलं नॉर्मल किती आणि काळजीचं किती?

आधी उत्तर देऊन टाकते, कारणं मग. मुलाच्या बाबतीत सहा महिने थांबू नका, याच महिन्यात कानांची तपासणी करून घ्या आणि डेव्हलपमेंटल असेसमेंटला, म्हणजे त्याची एकूण वाढ तपासून घ्यायला, नंबर लावा. मुलगी लाजरी असेलही, पण वर्षभर शाळेत एकही शब्द नाही हे नुसतं लाजणं नाही, हे सिलेक्टिव्ह म्युटिझमसारखं (घरी नीट बोलणारं मूल ठराविक ठिकाणी भीतीने बोलूच न शकणं) दिसतंय आणि तिला "बोल ना, बोल ना" म्हणणं आजपासून सगळ्यांनी बंद करा. चार ओळी वाचून निदान होत नसतं आणि मी ते करतही नाहीये, पण कुठल्या दारात जायचं हे चार ओळींवरून नक्की सांगता येतं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं मुलांच्याच ओपीडीत गेली, त्यामुळे जे सांगतेय ते त्या खुर्चीतून.

आमच्याकडे पालक येतात ते शब्द मोजून येतात. वीस शब्द झाले, पन्नास व्हायला हवे होते वगैरे. शब्द महत्त्वाचे आहेतच, पण माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: तो तुम्हाला काही दाखवायला आणतो का? मागायला नाही, दाखवायला. कारण मुलाची सामाजिक आणि भावनिक वाढ ही मुलाच्या आत एकट्याने होत नाही, ती मूल आणि समोरचा माणूस यांच्यामधल्या देवाणघेवाणीत होते आणि ती देवाणघेवाण शब्दांच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

अगदी तान्ह्यापासून बघा. झोपेत बाळ हसतं, सटवाई हसवते म्हणतात आपल्याकडे, ते हसणं कुणासाठी नसतं. पण सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून हसतं, ते तुमच्यासाठी असतं. तीन-चार महिन्यांचं बाळ हुंकार देतं आणि थांबतं, तुम्ही काहीतरी बोललात की परत देतं. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला, आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग अचानक काही वेळ चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, आवाज काढतं, हात पुढे करतं, सगळं करून बघतं, आणि काहीच परत आलं नाही की मान फिरवतं किंवा रडतं. काही महिन्यांच्या बाळाला उत्तराची अपेक्षा असते हे त्यातून दिसलं. (आता कोरा चेहरा म्हटलं की मला दूध पाजताना मोबाइल स्क्रोल करणारे आपण सगळेच आठवतो. एखाद्या वेळेस केलं म्हणून काही बिघडत नाही, घाबरू नका, दिवसभर तसं चाललं तर मात्र फरक पडतो.)

सहा ते नऊ महिन्यांत बाळ माणसं ओळखायला लागतं आणि परक्याने घेतलं की भोकाड पसरतं. आजोबा गावाहून आले आणि नातू त्यांच्याकडे जाईना म्हणून रुसवे-फुगवे होतात, पण ते चांगलं लक्षण आहे. मोठ्या एकत्र कुटुंबात, चाळीत, वाड्यात दहा हातांत वाढलेल्या बाळात हे कमी दिसू शकतं आणि त्यातही काही वावगं नाही. साधारण दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आई बाथरूमला गेली तरी दाराशी बसून रडणं, हेही त्यातलंच. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी आधी युगांडात आई-बाळांचं निरीक्षण केलं आणि पुढे बाल्टिमोरमध्ये अभ्यास केला, त्यातली लोक विसरतात ती गोष्ट अशी की त्या नुसतं आई गेल्यावर बाळ किती रडतं हे बघत नव्हत्या, आई परत आल्यावर बाळ काय करतं याकडे त्यांचं जास्त लक्ष होतं. रडत असलेलं मूल आईजवळ येतं, शांत होतं आणि परत खेळायला जातं, तर नातं भक्कम आहे. तेव्हा पाळणाघरात सोडताना मूल रडतं म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या सगळ्या नोकरी करणाऱ्या आयांनो, संध्याकाळी घ्यायला जाता तेव्हा काय होतं ते बघा.

आता मुद्द्याचं, बोट. नऊ-दहा महिन्यांपासून ते साधारण दीड वर्षापर्यंत मूल बोट दाखवायला लागतं, आणि बोट दोन प्रकारचं असतं. एक मागण्याचं, डब्याकडे बोट म्हणजे बिस्कीट दे. दुसरं नुसतं दाखवण्याचं, खिडकीतून कुत्रा दिसला की बोट त्याच्याकडे आणि नजर तुमच्याकडे, त्याला कुत्रा नकोय, त्याला फक्त एवढंच हवंय की तुम्हीही बघा. हे दुसरं बोट म्हणजे सगळ्या सामाजिक विकासाची पायाभरणी आहे. आपल्या आज्या जेवण भरवताना चिऊ दाखव, काऊ दाखव, तो बघ चांदोमामा करायच्या, दोघांनी एकाच गोष्टीकडे बघायचं आणि मग एकमेकांकडे बघून हसायचं, आम्ही थेरपीत तासाला पैसे घेऊन जे शिकवतो त्यातलं बरंचसं तेच असतं. दीड वर्षापर्यंत हे दाखवणारं बोट आलं नसेल, आणि मूल तुमच्या हाताचा हत्यारासारखा वापर करत असेल, म्हणजे चेहऱ्याकडे न बघता मनगट धरून नळापाशी नेणं, तर शब्द कितीही असोत, तपासून घ्यायचं. ताई, तुम्ही हात ओढण्याबद्दल लिहिलंय, बोटाबद्दल नाही. म्हणून मी थांबू नका म्हणाले.

एबीसीडीवर जाऊ नका. अक्षरं आणि आकडे लवकर येणं ही हुशारी असू शकते, पण "मला दे", "ये", "बघ" हे शब्द नाहीत आणि ए टू झेड आहे, तर ती भाषा कुणाशी बोलायला वापरली जात नाहीये. पाहुण्यांसमोर त्याच्याकडून आकडे म्हणवून घेणं सध्या बाजूला ठेवा.

वडील उशिरा बोलले हा मुद्दा सासूबाईंनी हवेत सोडलेला नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण अशा वेळी घरात आजीला एकदम अडाणी ठरवलं जातं. उशिरा बोलणं घराण्यात चालतं हे खरं आहे. दोन वर्षांना मोजकेच शब्द असलेली बरीच मुलं चार-पाचपर्यंत बाकीच्यांना गाठतात हेही खरं आहे. पण ती मुलं कशी असतात बघा: बोट दाखवतात, खाणाखुणा करतात, "चप्पल आण" म्हटलं की आणतात, खोटा खोटा चहा करून पाजतात, चेहऱ्याने सगळं सांगतात, फक्त तोंडातून शब्द नाही. अशा मुलाला मी स्वतः घरी काय करायचं ते सांगून तीन महिन्यांनी बोलावते. तीन महिने, तारीख टाकून. नुसतं "वाट बघू" याला तारीख नसेल तर तो सल्ला नाही, टोलवाटोलवी आहे. आणि "मुलगे उशिराच बोलतात" यातला फरक फार तर एक-दोन महिन्यांचा असतो, वर्षभराचा नाही.

कान आधी का? कारण हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला ऐकू येतं की नाही हे गृहीत धरायचं नसतं. जाहिरात ऐकून पळत येतो म्हणजे कान ठीक, असं सगळेच म्हणतात, पण ठराविक पट्टीतले आवाज ऐकू येणं आणि बाकीचे न येणं, सर्दीनंतर कानात पाणी साठून राहणं, एका कानाने कमी ऐकू येणं हे सगळं असू शकतं. ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणं) आणि गरज पडली तर बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणं), या तपासण्यांत दुखत नाही, बेरा साधारण झोपेत करतात. घरी मागून ताट वाजवून बघणं ही तपासणी नव्हे.

मग पुढचा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि कुणी उच्चारत नाही, ऑटिझम आहे का, म्हणजे माणसांशी संवाद साधण्याची त्याची वाढच वेगळ्या वाटेने होतेय का. असू शकतो. नसूही शकतो. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली आहे, ती भरून घेतली जाईल, पण ती चाळणी आहे, निदान नाही. चाळणीत अडकलेल्या सगळ्या मुलांना ऑटिझम निघत नाही, पण त्यातल्या बऱ्याच जणांना कसली ना कसली मदत लागते. निदान होतं ते मुलाला खेळताना बघून, तुमच्याशी सविस्तर बोलून, आणि शहाणा डॉक्टर पहिल्या दहा मिनिटांत शिक्का मारत नाही.

यात गैरसमज इतके आहेत की कुठून सुरू करू. "तो तर माझ्या गळ्यात पडतो, पापी घेतो, मग ऑटिझम कसा?" ऑटिझम असलेली मुलं आईवर प्रेम करतात, गळ्यात पडतात, आई नसली की रडतात. "नजर देतो की." काही देतात. प्रश्न असा असतो की नजर, हसू, आवाज आणि हावभाव हे सगळं एकत्र येऊन समोरच्याशी संवाद होतो का. दुसरं, आईला दोष. लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकशास्त्रात आणला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आई-बापांच्या, मुख्यतः आईच्या, थंडपणामुळे हे होतं असं मोठमोठे लोक सांगत राहिले. १९७७ मध्ये फोल्स्टीन आणि रटर यांचा जुळ्यांवरचा अभ्यास आला तेव्हा अनुवंशाचा वाटा किती मोठा आहे ते दिसलं. आज आईला दोष देणारी ती थिअरी शास्त्रात मेलीय पण घराघरात जिवंत आहे, "तू नोकरी करतेस म्हणून", "तू त्याच्याशी बोलत नाहीस म्हणून". तिसरं, लस. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा वेकफिल्ड यांचा १९९८ चा पेपर फक्त बारा मुलांवरचा होता आणि तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला, त्यानंतर लाखो मुलांवरच्या अभ्यासात लसीचा संबंध सापडलेला नाही. लसी वेळेवर द्या.

आणि सध्याचं नवीन म्हणजे "व्हर्च्युअल ऑटिझम", म्हणजे स्क्रीनमुळे झालेला ऑटिझम. रील्सवर ऐकून रोज कोणीतरी येतं. असं निदान डीएसएम-५ मध्ये, म्हणजे आम्ही निदानासाठी वापरतो त्या पुस्तकात, नाही. स्क्रीनने भाषा मागे पडते, खेळ कमी होतो, माणसांकडे बघणं कमी होतं हे बरोबर, आणि भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दोनच्या आत स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाचमध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास. तेव्हा टीव्ही-मोबाइल आजच बंद करा. काही मुलं त्यानंतर थोड्या आठवड्यांत खरंच खुलतात. पण "आधी सहा महिने स्क्रीन बंद करून बघू, मग डॉक्टर" असं करू नका, दोन्ही एकदम चालू करा. कारण स्क्रीन जास्त बघतो म्हणून असा झाला, की असा आहे म्हणून स्क्रीनला चिकटतो, हे घरी बसून ओळखता येत नाही.

आजूबाजूच्या परिस्थितीमुळे मूल मागे पडतं का? पडतं, पण त्यासाठी परिस्थिती फार वाईट असावी लागते, आई नऊ ते सहा ऑफिसला जाते ही ती परिस्थिती नव्हे. रोमेनियात चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळली तेव्हा सरकारी अनाथाश्रमांमधली हजारो मुलं जगाला दिसली. खाटेत पडून, ओळखीचं एकही माणूस नाही, हुंकाराला उत्तर नाही. पुढे २००० साली बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर एक अभ्यास सुरू झाला, निम्मी मुलं संस्थेतून काढून प्रशिक्षित पालक कुटुंबांमध्ये ठेवली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं त्यांची नाती आणि बुद्धी जास्त सावरली. अशा मुलांमध्ये एक गोष्ट दिसते जी आपल्याकडे उलट कौतुकाची समजतात: कुणाही अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसणं, कुणाचाही हात धरून निघून जाणं. तीन-चार वर्षांचं मूल मागे वळून आईकडे न बघता परक्याबरोबर चालू लागत असेल तर "कित्ती सोशल आहे" म्हणण्याआधी थोडं थांबा. सगळी वेगळी वाढ शांत आणि एकटी नसते.

आता जे काळजीचं नाही ते पटापट. दीड ते तीन-साडेतीन वर्षांत जमिनीवर लोळून आकांडतांडव करणं नॉर्मल. "माझं माझं" करणं, खेळणं न देणं नॉर्मल. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच लिहून ठेवलंय की साधारण दोन-अडीचची मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात, एकमेकांबरोबर खेळणं नंतर येतं. त्यामुळे अडीच वर्षांचं मूल गार्डनमध्ये "मिक्स होत नाही" एवढ्यावरून काही ठरत नाही, पण ते दुसऱ्या मुलांकडे बघतं का, त्यांची नक्कल करतं का, हे बघा. भातुकली साधारण दोनच्या आसपास सुरू होते, बाहुलीला भरवणं, रिकाम्या कपातून चहा पिणं, आणि ती मुलगे-मुली दोघांत यायला हवी, आपण मुलग्यांच्या हातात फक्त गाड्या देतो म्हणून दिसत नाही कधी कधी. चार वर्षांच्या पोराने तोंडाला चॉकलेट लागलेलं असताना "मी नाही खाल्लं" म्हटलं तर मनातल्या मनात पेढे वाटा, दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी माहिती असू शकते हे त्याला कळायला लागलंय. धाकटं भावंड आल्यावर मोठ्याने परत अंथरूण ओलं करणं, बाटली मागणं हेही काही आठवड्यांचं. पण येत असलेलं बोलणं, बघणं, हाताने करायची कामं खरोखर निघून गेली तर वय कुठलंही असो, थांबायचं नाही, पुढच्या आठवड्यातली नाही तर मिळेल ती पहिली अपॉइंटमेंट घ्यायची, त्यात फिट्ससारखी कारणं असू शकतात.

चंचलपणाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून एवढंच, चारच्या आत एडीएचडीचा (अतिचंचलपणा आणि लक्ष न टिकणं) शिक्का कुणी मारत असेल तर दुसरं मत घ्या. आणि लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली अडचण, दुसरी-तिसरीत जाईपर्यंत नीट कळत नाही.

अजून एक, बाहेरचे तक्ते डोळे झाकून लावू नका. आपल्याकडे चार वर्षांच्या मुलाला आजी हाताने भरवते, सहा वर्षांचं आई-बाबांच्या मध्ये झोपतं, आणि इंग्रजी चेकलिस्टमध्ये "स्वतः चमच्याने खातो का, स्वतंत्र झोपतो का" याला नाही नाही लिहून गुण कमी येतात. म्हणूनच नागपूरला डॉ. मालिन यांनी सामाजिक प्रगल्भतेच्या अमेरिकन व्हाइनलँड मापनाचं भारतीय रूप बनवलं, आम्ही ते अजून वापरतो. पण मोठं माणूस बघून हसणं, दाखवणं, हाकेला बघणं या गोष्टींना मात्र देश-धर्म-भाषा नाही, त्या सगळीकडे साधारण त्याच वयात येतात.

आता मुलीकडे. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून १३३ मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा त्यांना दिसलं की मुलं जन्मतःच वेगवेगळ्या स्वभावाची असतात: सुमारे ४० टक्के सोपी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी आणि बाकीची मिश्र. हळू रुळणारं मूल नवीन वर्गात आधी भिंतीला टेकून सगळं न्याहाळतं, नजर पोरांच्या खेळावर असते, पंधरा दिवसांत एका मैत्रिणीशी कुजबुजतं, दिवाळीपर्यंत गाणी म्हणतं. हे लाजणं. त्याला काहीही करायची गरज नाही, फक्त ढकलू नका. वर्षभर शब्द नाही, घरी मात्र अखंड बडबड, कधीकधी शू लागली हेसुद्धा टीचरला न सांगता दाबून धरणं, दारात टीचर भेटल्या की आईशीही बोलणं बंद, ही वेगळी गोष्ट. पहिला महिना कुठलंही मूल गप्प राहू शकतं म्हणून तो धरत नाहीत. आणि घरी मराठी किंवा कोकणी, शाळा इंग्लिश मीडियम, तर सुरुवातीचे काही महिने मूल नुसतं ऐकत राहतं, तेही धरत नाहीत. तुमच्या मुलीने ही मुदत कधीच ओलांडलीय. ती वर्गातल्या मराठी मुलींशी मराठीत बोलते का ते विचारा, तिथेही गप्प असेल तर प्रश्न भाषेचा नाही.

हा हट्ट नाही हो, हे घाबरणं आहे. घसा अक्षरशः आवळतो. मोठ्या झालेल्या अशा मुलींनी सांगितलंय की मला बोलायचं असायचं आणि आवाजच यायचा नाही. म्हणून "बोललीस तर चॉकलेट", "मुकी आहेस का", सगळ्यांसमोर उभं करणं, यातली प्रत्येक गोष्ट तिला अजून खोल ढकलते. चालतं ते असं: शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही आणि ती दोघीच बसा, तिचा आवडता खेळ खेळा, तिथल्या भिंतींमध्ये तिचा आवाज आधी निघू दे. काही दिवसांनी टीचर दूर बसून स्वतःचं काम करतील, तिच्याकडे बघणार नाहीत. मग थोड्या जवळ, मग खेळात, मग तुम्ही हळूच बाहेर. टीचरनी "तुला आवडलं का" असे मान हलवून संपणारे प्रश्न टाळायचे, "लाल हवा की निळा" असं विचारायचं आणि पाच-सहा सेकंद गप्प थांबायचं. बोट दाखवलं तरी चालेल, कुजबुजली तरी चालेल. आणि ज्या दिवशी पहिला शब्द येईल त्या दिवशी टाळ्या नकोत, वर्गात कुणी "ए ही बोलली!" ओरडणार नाही एवढं बघा. यासाठी सायकॉलॉजिस्टची मदत घ्या, कारण वय वाढेल तसं "न बोलणारी" हीच तिची ओळख होऊन बसते. भाऊ असेसमेंटला जाणारच आहे तर तिचंही एकदा बघून घ्यायला सांगा, काही मुलींमध्ये दोन्ही गोष्टी असतात आणि मुलींचा ऑटिझम शांत, गुणी म्हणून सहज सुटून जातो.

मुलासाठी घरी आजपासून काय, निदानाची वाट न बघता. जमिनीवर बसा, त्याच्या समोर, चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीला. तो चाकं फिरवतोय तर तुम्हीही दुसरं चाक फिरवा, हिसकावू नका. दिवसभर चालणारी "हे काय? ते काय? रंग कुठला?" ही परीक्षा बंद, त्याऐवजी जे चाललंय त्याला एक-दोन शब्द द्या, "फिरलं... थांबलं". झोका देताना मध्येच धरा आणि थांबा, त्याने बघितलं की सोडा, न बोलता बघितलं तरी. आवडता खाऊ दिसेल अशा पण घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा, म्हणजे तुमच्याकडे यावं लागेल. कुक-भॉक, गुदगुल्या, पाठीवर घोडा, जे माणसाशिवाय होत नाहीत असे खेळ. हे किरकोळ वाटेल पण गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत पास नावाचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला, ६५ मुलं. तिथे तज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन आई-वडिलांना मुलाच्या लयीने खेळायला शिकवलं, तर मुलं स्वतःहून संवाद सुरू करायला लागल्याचं दिसलं. थेरपिस्ट आठवड्याला दोन-तीन तास, तुम्ही दिवसभर.

मराठी सोडू नका. "एकच भाषा बोला, इंग्लिशच बोला" असा सल्ला अजून मिळतो आणि मला त्याचा राग येतो. दोन भाषांमुळे ऑटिझम किंवा भाषेची अडचण होत नाही, आणि ज्या भाषेत आजीला प्रेमाने बोलता येत नाही ती भाषा मुलाशी बोलून काय होणार. स्टेम सेल, ऑक्सिजन चेंबर, शरीरातले जड धातू काढणारी औषधं, यांच्या ऑटिझम बरा करू म्हणणाऱ्या जाहिराती आता तुमच्या मोबाइलवर यायला लागतील, एक रुपया घालवू नका.

खाजगी परवडत नसेल किंवा तुम्ही तालुक्याला असाल तर अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) टीमबद्दल विचारा. ही योजना २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाली, शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, आणि पुढचं जिल्ह्याच्या डीईआयसीमध्ये (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर बघणारं सरकारी केंद्र) मोफत. गर्दी असते, फेऱ्या माराव्या लागतात, पण तिथे ऑडिओलॉजिस्ट, फिजिओ, सायकॉलॉजिस्ट एका छताखाली मिळायची सोय आहे, सगळी पदं भरलेली आहेत का ते आधी फोन करून विचारा. पुढेमागे निदान झालंच तर ऑटिझम २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, शाळेच्या सवलतींसाठी तो कागद उपयोगी पडतो, पण ते आत्ता डोक्यात घेऊ नका.

अपॉइंटमेंटला जाताना मोबाइलमध्ये दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ न्या: जेवताना, एकटा खेळताना, चुलत भावंडांमध्ये, तुम्ही हाक मारताना, आणि मुलीचे घरी बडबडतानाचे, कारण क्लिनिकमध्ये दोघंही वेगळीच वागणार. पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ असेल तर तोही, तेव्हा हाकेला बघत होता का हे त्यात दिसतं. आणि शक्य झालं तर सासूबाईंना बरोबर न्या, दिवसभर पोराजवळ त्याच असतात, त्यांनी पाहिलेलं तुम्हाला सांगता येणार नाही.